बावन्न प्रश्नांचा टीव्ही

त्या गल्लीत कुणाला काही विकत घ्यायचं असलं की आधी चौकशीकाकांना सोबत न्यायची पद्धत होती. पद्धत काकांनीच पाडलेली, आणि मोडायची कुणाची छाती नव्हती. फ्रिज असो, पंखा असो, नाहीतर साधी इस्त्री असो. काकांना टाळून कुणी परस्पर वस्तू आणलीच, तर काका चिडायचे नाहीत. ते फक्त वस्तू बघायला त्या घरी जायचे, चहा घ्यायचे, वस्तूभोवती दोन फेऱ्या मारायचे आणि चपला घालता घालता विचारायचे, "कॉम्प्रेसरची हमी वेगळी आहे की सगळ्याची मिळून एकच, ते विचारलंत ना?" कुणी विचारलेलं नसायचं. मग आठवडाभर त्या घरात त्या फ्रिजमधलं पाणी कुणाला गोड लागत नसे.

काका नोंदणी कार्यालयात अर्ज तपासायचे. पंचवीस वर्षं तेच काम. रकाना रिकामा दिसला की अर्ज परत. माणूस कितीही लांबून आलेला असो, म्हातारा असो, डोळ्यांत पाणी आणो, रकाना रिकामा म्हणजे रिकामा. हीच नजर घेऊन ते दुकानात शिरायचे. दुकानदार त्यांना ओळखून होते. मिक्सर विकणारा एक जण तर काका रस्ता ओलांडताना दिसले की जेवायला निघून जायचा, मग सकाळचे दहा का वाजलेले असेनात.

एवढं सगळं असून काकांनी स्वतः आजवर काहीही विकत घेतलेलं नव्हतं. प्रश्न संपल्याशिवाय घ्यायचं नाही हा त्यांचा नियम, आणि प्रश्न काही संपायचे नाहीत. घरात होता तो टीव्ही त्यांच्या बायकोने लग्नाआधी स्वतःच्या कमाईतून घेतलेला, पाठीला पोक आलेला जुना खोका. त्याच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात हिरवा डाग पडला होता. बातम्या देणारा कुणीही असो, त्याचा एक कान कायम हिरवा.

काकांची बायको शिवणकाम करायची. तिला सगळ्या ताई म्हणायच्या. नवरा सगळ्यांचा काका आणि बायको सगळ्यांची ताई, हे नातं कसं जुळतं ते कुणी तपासून बघितलं नव्हतं, खुद्द काकांनीही नाही. घराची पुढची खोली ताईंची. खिडकीखाली मशीन, डाव्या भिंतीला कटिंगचं टेबल, कोपऱ्यात उभा आरसा आणि त्याच्यापुढे गोल दांडीवरचा पडदा. संध्याकाळी पाच ते आठ ट्रायलची वेळ. बायका यायच्या, पडद्याआड कपडे घालून बघायच्या, ताई तोंडात टाचण्या धरून त्यांच्याभोवती फिरायच्या. अशा वेळी घरात पुरुषमाणूस नको, हा एकोणीस वर्षांचा कायदा होता. काका कार्यालयातून यायचे, उभ्याउभ्या चहा घ्यायचे आणि बाहेर पडायचे. तीन तास माणसाने करायचं काय? मग ते दुकानांतून हिंडायचे आणि प्रश्न विचारायचे. गल्लीला एवढा मोठा सल्लागार मिळाला तो असा, पण हे काकांना कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग काकांच्या धाकट्या भावाने टीव्ही घेतला.

पडदा दाराएवढा. सोबत पाच स्पीकर आणि जमिनीवर ठेवायचा एक काळा डबा, जो वाजला की पोटात गुदगुल्या व्हायच्या. भावाने दोघांना बघायला बोलावलं. काकांनी दोन फेऱ्या मारल्या, पट्टीने कडा मोजल्या, मागे वाकून वायरी बघितल्या आणि विचारलं, "पॅनेल गेलं तर बदलून देतात की दुरुस्त करतात? काय म्हणाला दुकानदार?"

"नाही रे विचारलं, दादा," भाऊ म्हणाला. "गेलो, आवडला, घेऊन आलो. अर्ध्या तासात काम झालं."

अर्ध्या तासात! काकांना तो टीव्ही बघवेना. आणि टीव्हीत काही खोट नव्हती, हे तर त्याहून वाईट. भाऊ सोफ्यावर पाय पसरून बसला होता, त्याची माणसं हसत होती, सगळं छान दिसत होतं आणि छान ऐकू येत होतं. एकही प्रश्न न विचारता. परत येताना काका वाटेतल्या प्रत्येक टीव्हीच्या दुकानापाशी थांबले. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, "आपण घ्यायचा. पण रीतसर."

रीतसर म्हणजे तीन महिने. काकांनी एक लांब वही केली, तिच्यात डावीकडे प्रश्न, मध्ये दुकानाचं उत्तर, उजवीकडे शेरा. दुकानात दाखवतात ते चित्र खास दाखवण्यासाठी बनवलेलं असतं का? असल्यास साध्या बातम्या लावून दाखवाल का? मागे वायरी खोचायला जागा किती? बंद असताना वीज किती खातो? भिंतीवर टांगायची पट्टी सोबत येते की वेगळी घ्यावी लागते? दुरुस्तीचा माणूस किती दिवसांत येतो, आणि आला नाही तर कुणाला धरायचं? प्रश्न चांगले होते, हे मान्य करायलाच हवं. त्यातले निम्मे कुणीही विचारावेत असे होते. उरलेल्या निम्म्यांवर एखाद्याला पदवी मिळाली असती. एकूण बावन्न झाले.

वही पूर्ण झाल्याच्या आनंदात काकांनी ती ताईंना वाचून दाखवली. ताई टेबलावर पांढरं कापड पसरून खडूने खुणा करत होत्या. एका इस्पितळाच्या चौतीस नर्सांचे गणवेश आले होते, कोट आणि पॅन्ट, आणि ते येत्या सोमवारपासून आठ दिवसांनी द्यायचे होते. बावन्नही प्रश्न त्यांनी मान न वर करता ऐकले. मग खडू खाली ठेवला.

"अहो, हे एवढं सगळं लावणार कुठे?"

"ह्या भिंतीला. भक्कम भिंत ही एकच आहे. ती दुसरी फळ्यांची, तिच्यावर कॅलेंडर टिकत नाही."

"ह्या भिंतीला टेबल आहे."

"ते हलवू."

"आणि तो डबा?"

"खिडकीखाली. कोपऱ्यात आवाज चांगला घुमतो."

"खिडकीखाली मशीन आहे," ताई म्हणाल्या. "माझं मशीन कुठे जाणार?"

काकांनी क्षणभर विचार केला. प्रश्न वाजवी होता. वाजवी प्रश्नाला काका कधीही नाही म्हणत नसत. त्यांनी पेन काढलं, वहीत त्रेपन्न आकडा घातला आणि लिहिलं, 'मशीन कुठे?' मग वही मिटली आणि बायकोची मोठी सोय केल्यासारखे हसले.

शनिवारी दोघं दुकानात गेली. ताईंना यायचं नव्हतं, कोटाच्या चौदा बाह्या लावायच्या बाकी होत्या. पण पडदा किती लांबून कसा दिसतो हे तपासायला एक माणूस समोर बसवावा लागतो, आणि काकांना स्वतःला तर पडद्याच्या मागे जायचं होतं.

दुकानातली मुलगी विशीबाविशीची होती आणि नवीन असावी, कारण ती पळून गेली नाही. काकांनी वही उघडली आणि तिने एकेक उत्तर दिलं. साध्या बातम्या लावून दाखवल्या. हमीचा कागद आणून त्यातलं बारीक अक्षर मोठ्याने वाचलं. सतराव्या प्रश्नाला माहीत नाही म्हणाली आणि फोन करून विचारून आली. काकांना हे जरा जडच गेलं. उत्तर न देणाऱ्या माणसांशी त्यांची वर्षानुवर्षांची ओळख, उत्तर देणाऱ्यापुढे काय करावं हे त्यांना कळेना. चाळिसाव्या प्रश्नापर्यंत त्यांचा घसा बसला.

मग मुलगी म्हणाली, "काका, आता मी दोन विचारू? खोली केवढी आहे?"

"चौदा बाय दहा."

"आणि खोलीत काय काय आहे? सामान, कपाटं? बसायची जागा त्यावर ठरते, म्हणून विचारते."

"काही नाही," काका म्हणाले. "रिकामीच आहे खोली."

ताई समोरच्या खुर्चीवर बसल्या होत्या, काकांनीच बसवलं होतं तिथे. पडद्यावर समुद्राखालचे रंगीत मासे इकडून तिकडे जात होते. ताईंनी माशांवरची नजर काढून नवऱ्याकडे बघितलं. एकोणीस वर्षं त्या खोलीत त्यांचं मशीन चालत होतं. मुलीचं शिक्षण त्या मशीनवर झालं, ती आता शिकायला दुसऱ्या गावी होती आणि तिच्या वसतिगृहाचा खर्चही तिथूनच जात होता. काकांना ही नजर दिसली. त्यांना वाटलं, चित्र लांबून नीट दिसत नसावं.

"खिडकी आहे का?" मुलीने विचारलं. "उजेड पडद्यावर आला तर दिवसा चित्र दिसणार नाही. जाड पडदा लावून घ्या, काळा असेल तर उत्तम."

"घरीच शिवून होईल," काका म्हणाले आणि त्यांनी वहीत तेही लिहून घेतलं. मग त्यांची नजर शेवटच्या ओळीवर गेली. सुटलेला रकाना त्यांना सहन होत नसे. त्यांनी घसा खाकरला. "त्रेपन्न. मशीन कुठे?"

"कसलं मशीन?"

"शिलाई मशीन. ही शिवते. ते कुठे ठेवावं, तुमचा अनुभव काय?"

मुलीने काकांकडे बघितलं, ताईंकडे बघितलं आणि हातातला हमीचा कागद खाली ठेवला. "काका, हे मला कसं सांगता येईल?" ती शेवटी म्हणाली. "हे तुमच्या घरचं आहे. ह्यांनाच विचारा ना."

"मी बघते त्याचं," ताई म्हणाल्या.

काकांनी उत्तराच्या रकान्यात लिहिलं, 'ही बघते.' त्रेपन्नही रकाने भरले होते. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू विकत घेतली.

घरी आल्यावर ताईंनी एकदा, फक्त एकदाच, नीट सांगून पाहिलं. काका जेवत होते.

"आतल्या खोलीला खिडकी नाही. मी तिथे शिवू शकणार नाही."

"चांगली झगझगीत ट्यूब लावू."

"पांढऱ्या कापडावर पांढरा धागा ट्यूबच्या उजेडात दिसत नाही. टाका चुकतो. आणि ट्रायलला बायका आपल्या पलंगाशी उभ्या राहून कपडे बदलणार का, तुम्ही बाहेर मॅच बघत असताना?"

"मी थोडाच तिकडे बघणार आहे."

"त्यांना बाहेरच्या खोलीतूनच यावं लागेल ना? कोण येईल? अहो, ही खिडकी गेली तर माझं काम गेलं. निदान गणवेश होईपर्यंत तरी थांबा."

"शनिवारची रजा मंजूर झाली आहे," काका म्हणाले. मंजूर झालेली रजा परत करणं म्हणजे काय असतं, हे कार्यालयाबाहेरच्या माणसाला समजावणं कठीण होतं. "होतं गं सगळं. सुरुवातीला असं वाटतं."

ताई त्यावर काही बोलल्या नाहीत. कार्यालयात हरकत न घेणाऱ्याची संमती काका गृहीत धरत. तशीच त्यांनी हीही धरली.

त्या आठवड्यात ताई रोज दुपारी मशीन थांबवून तासभर बाहेर जात होत्या, असं शेजारच्यांनी नंतर सांगितलं. एका संध्याकाळी तर काका घरी येत असताना त्या गळ्यात टेप घालून पुढच्या गल्लीतून येताना त्यांना दिसल्या. माप घ्यायला गेली असेल कुणाचं, असं काका मनात म्हणाले. खरंच मापच घ्यायला गेल्या होत्या. कुणाचं, एवढंच विचारायचं होतं. पण काका तेव्हा टीव्ही बसवायला येणाऱ्या माणसासाठी नवी यादी करण्यात गुंतले होते. ती एकोणतीस प्रश्नांची झाली.

शनिवारी सकाळी टेम्पो आला. खोकी उतरली. बसवणारा चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याने पाण्याचा पेला मागितला आणि ड्रिल काढलं. काका वही घेऊन त्याच्या शेजारी उभे राहिले.

"भोक किती खोल घेणार?"

"लागेल तेवढं."

"तेवढं म्हणजे किती?"

बाहेर ताई टेम्पोवाल्याशी बोलत होत्या. त्यांनी त्याला दोनच प्रश्न विचारले. परत रिकामाच जाणार का, आणि वाटेत पुढच्या गल्लीत थोडं सामान सोडशील का. दोन्हींना तो हो म्हणाला.

मग सामान हलू लागलं. आधी आरसा गेला, मग गोल दांडी, मग कपड्यांचे गठ्ठे, मग पांढऱ्या कोटांचा ढीग चादरीत बांधून. काकांना बरं वाटलं. भिंत मोकळी होत होती, बायकोने समजूतदारपणा दाखवला होता. कटिंगचं टेबल दारात अडकलं तेव्हा तर त्यांनी वही काखेत धरून स्वतः एका बाजूने हात लावला. "कोपरा सांभाळ रे," ते टेम्पोवाल्याला म्हणाले. "चांगल्या लाकडाचं आहे. जरा तिरकं कर. हां, असं." टेबल बाहेर पडलं. काका हात झटकून आत आले आणि त्यांनी अकरावा प्रश्न विचारला.

मशीन शेवटी गेलं. ते ताईंनी कुणाला उचलू दिलं नाही. एक बाजू टेम्पोवाल्याने धरली, एक त्यांनी. टेम्पोचं इंजिन सुरू झालं तेव्हा काकांना वाटलं, रिकामा टेम्पो चालला. पण त्यांनी सवयीने दाराबाहेर डोकावलं तर टेम्पो भरलेला होता, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी त्यांची बायको बसली होती.

काका वही घेऊन धावले. "अगं, हे कुठे?"

"पुढच्या गल्लीत. म्हाताऱ्या कंपाउंडरची खोली रिकामी होती, ती घेतली मी. उत्तरेला मोठी खिडकी आहे."

"घेतली? म्हणजे? कधी? अगं, मला विचारायचंस तरी!"

"तुम्ही विचारलंत ना, मशीन कुठे म्हणून. दुकानात, सगळ्यांसमोर. मी सांगितलं होतं, मी बघते. बघितलं."

"पण भाडं किती, करार कसला, पाणी आहे का, छत गळतं का..."

"चला हो," ताई टेम्पोवाल्याला म्हणाल्या. "संध्याकाळी ट्रायलला बायका यायच्यात."

टेम्पो वळला. त्याच वेळी आतून बसवणाऱ्याची हाक आली, हा काळा डबा कुठे ठेवू म्हणून. काका आत आले. खिडकीखालची फरशी चौकोनी आकारात बाकीच्या खोलीपेक्षा उजळ होती, आणि तिच्या फटींत धाग्याचे रंगीबेरंगी तुकडे अडकले होते. तिथेच ठेव, असं त्यांनी हाताने दाखवलं. उरलेले अठरा प्रश्न त्यांनी विचारले नाहीत. बसवणाऱ्याने दोनदा त्यांच्याकडे बघितलं, बरं वाटत नाही का असं त्याला वाटलं असावं.

साडेचारला सगळं झालं. माणूस गेला. काकांनी पडद्यापासून साडेसात फुटांवर खुर्ची मांडली, टेप नव्हती म्हणून पावलांनी मोजून. मग बसले. आता पाच वाजता घराबाहेर जायचं कारण नव्हतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा संध्याकाळी पाच ते आठ ते आपल्या घरात, आपल्या खुर्चीवर, आपल्या टीव्हीसमोर बसणार होते. त्यांनी एक मारामारीचा सिनेमा लावला. डब्याने असा आवाज काढला की स्वयंपाकघरात ताटं वाजली. वा, काका म्हणाले. जरा मोठ्यानेच म्हणाले, कारण ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

पाचला दारावरची घंटा वाजली. एक तरुण नर्स होती. ताईंचा निरोप तिला मिळाला नव्हता.

"ताई नाहीत?"

"पुढच्या गल्लीत. कंपाउंडरच्या खोलीत."

"अय्या, का?"

"जागा कमी पडत होती," काका म्हणाले. नर्सने त्यांच्या खांद्यावरून आत बघितलं. चौदा बाय दहाची खोली, एक खुर्ची, एक पडदा. ती पुढच्या गल्लीकडे निघाली.

पाच-दहाला दुसरी आली, सव्वापाचला दोघी मिळून. काका प्रत्येक वेळी सिनेमा थांबवून उठत. पडद्यावरचा हिरो हवेत उडी मारलेल्या अवस्थेत तिष्ठत बसे. पुढच्या गल्लीत, कंपाउंडरच्या खोलीत. पुढच्या गल्लीत. हो, कालपर्यंत इथेच होत्या. नाही, आजारी नाहीत. नाही, भांडण वगैरे नाही. एकीने सरळ विचारलं, "हा केवढा टीव्ही! तुम्ही एकटेच बघणार?" काका हो म्हणाले आणि दार लावल्यावर त्यांना वाटलं, आपण नाही म्हणायला हवं होतं.

सहाच्या सुमारास शेवटची आली ती नर्सांची मुख्य, केस पिकलेली, चष्मेवाली बाई. तिने पत्ता नीट ऐकून घेतला. जायला वळली आणि परत फिरली.

"एवढे चौतीस कोट, त्यात आज सामान हलवलंय. रात्री जेवायला घरी येणार ना त्या? नाहीतर आमच्याकडून डबा पाठवते."

"येणार," काका म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे, येणारच ना." बाई वाट बघत उभी राहिली. काकांना भीती वाटली. साधी भीती, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. टेम्पो वळताना त्यांनी भाडं विचारलं होतं, करार विचारला होता, छत गळतं का विचारलं होतं. एवढंच विचारलं नव्हतं.

"विचारून सांगतो," ते म्हणाले, आणि चपला घालून बाईच्या आधीच रस्त्याला लागले. टीव्ही चालूच राहिला.

पुढची गल्ली पाच मिनिटांवर होती. कंपाउंडरची खोली तळमजल्यावर, रस्त्याला लागून. खिडकी खरंच मोठी होती आणि खाली मशीन बसलं होतं, जणू त्या मापाचीच जागा. अंगणातल्या बाकावर तीन बायका गणवेश मांडीवर घेऊन बसल्या होत्या, हसत काहीतरी बोलत होत्या. काकांना बघून गप्प झाल्या. काकांनी दार ढकललं, तर आतून आवाज आला.

"कोण? ट्रायल चालू आहे, पुरुषांनी बाहेर थांबायचं."

"मी आहे."

दार वीतभर उघडलं. ताईंच्या तोंडात टाचण्या होत्या, गळ्यात टेप, दंडाला खडूचा पांढरा डाग. चेहरा दमलेला होता, पण काकांनी तो इतका मोकळा कित्येक वर्षांत बघितला नव्हता, आणि बघितला नव्हता हेही त्यांना आत्ताच कळत होतं. त्यांनी वही घरी ठेवली होती. मोकळे हात कुठे ठेवायचे ते त्यांना सुचेना.

"रात्री घरी येशील ना?"

ताईंनी एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या आणि दंडावरच्या उशीत खोचल्या. त्यांना काही घाई नव्हती. आतून कुणीतरी म्हणालं, ताई, ही बाही दंडात घट्ट होते बघा.

"हे आधी विचारायचं असतं," ताई म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. "थांबा बाहेर. अजून चार जणी आहेत."

दार लागलं. बाकावरच्या तिघींनी एकमेकींकडे बघून थोडं सरकून जागा केली, आणि काका टोकाला बसले.